आतली कडी

बाथरूम फोडल्याला अकरावा दिवस होता आणि घरात कोणी कोणाशी सरळ बोलत नव्हतं.

तसं हे घर अबोल्याला सरावलेलं. वडील, म्हणजे नाना, गेल्यावर त्यांचं शिवणकामाचं दुकान कोणी चालवायचं, यावरून दादा आणि धाकटा दीड वर्ष वहिनीमार्फत बोलत होते. पण त्या दीड वर्षात निदान आंघोळीची सोय घरात होती. फुगलेला माणूस आत जायचा, अंगावर चार मग पाणी ओतायचा आणि जरा निवळून बाहेर यायचा. आता निवळायलाही जागा राहिली नव्हती.

वहिनी वरच्या मजल्यावरच्या मास्तरीणबाईंकडे आंघोळ करून जिना उतरत होती. एका हातात ओला टॉवेल, दुसऱ्या हातात साबणाची डबी आणि तोंडावर बाईंसाठी आणलेलं हसू अजून तसंच. पहिल्या दिवशी बाई म्हणाल्या होत्या, अहो आपलंच घर समजा. आज त्यांनी दार उघडलं आणि काही न बोलता घड्याळाकडे पाहिलं. वहिनीनं सात मिनिटांत आटोपलं. कानामागे साबण राहिला होता आणि तो आता दवाखान्याच्या खिडकीत बसून पेशंटांची नावं लिहिताना दिवसभर खाजणार होता.

बैठकीच्या खोलीत नवं कमोड खोक्यासकट मधोमध ठेवलेलं होतं. धाकटा त्यावर बसून चहा पीत होता. तो फ्रिज आणि वॉशिंग मशीन दुरुस्त करायचा, आणि सुट्टीच्या दिवशी काम नको म्हणून थोरल्या भावाकडे यायचा. इथे आला की हमखास काम निघायचं.

“वहिनी, गरम होतं का वर?”

“होतं की. बाईंच्या डोळ्यांत.”

“मी जाणार नाही आज. गेल्या सुट्टीला त्यांनी मला विचारलं, तुमच्या घरी रोज आंघोळ करतात का सगळे.”

ताई खिडकीशी उभी राहून फरशांचे तीन नमुने उजेडात धरून बघत होती. तिन्ही राखाडी होते. ताई परगावच्या एका मोठ्या हॉटेलात खोल्यांची व्यवस्था बघायची. एकशे ऐंशी बाथरूमं तिच्या हाताखाली होती, त्यामुळे या एकशे एक्क्याऐंशीव्यात कोणाचं ऐकून घेण्याचा प्रश्नच नव्हता. चार दिवसांची रजा काढून आली होती. तिला बारा दिवस झाले होते.

“ती स्टीलची बादली मी माळ्यावर टाकलीय,” ती म्हणाली. “परत खाली आणू नका. शॉवर आल्यावर बादली कशाला? एवढ्याशा जागेत पाय ठेवायला मिळत नाही.”

“ती नानांनी पहिल्या कोटाच्या शिलाईतून घेतलेली आहे,” वहिनी म्हणाली.

“म्हणून तिला शॉवरखाली उभी करायची?”

वहिनीनं टॉवेल दोरीवर झटकला. जरा जोरातच झटकला.

जुन्या बाथरूमला या घरानं चाळीस वर्षं शिव्या दिल्या होत्या, आणि खोटं कशाला बोला, त्या त्याला शोभतही होत्या. पाच बाय सात फूट. हिरव्या फरशा, निम्म्यांचे कोपरे उडालेले. पाण्याचा उतार जाळीकडे असायचा तो दाराकडे, त्यामुळे आंघोळ करणारा एक आणि पुसणारी वहिनी. गरम पाण्याचा नळ पकडीनं फिरवायचा आणि पकड कायम धाकट्याच्या पिशवीत. दादा दर वर्षी म्हणायचा, यंदा फोडायचंच. ते खरोखर फुटलं ते दोन महिन्यांपूर्वी आई आत पडली म्हणून.

मग मात्र सगळ्यांना पंख फुटले. ताईला काचेचं पार्टिशन हवं होतं. धाकट्याला कोपऱ्यात वॉशिंग मशीन बसवायचं होतं. दादाला गुळगुळीत नसलेली फरशी, भिंतीला धरायचे दोन दांडे आणि बसून आंघोळ करायला ओटा हवा होता. काच की मशीन यावरून ताई आणि धाकटा भांडले, मग दोघं मिळून दादाच्या ओट्यावर घसरले, मग दादा आणि ताई एक झाले आणि मशीन गेलं. फक्त एका गोष्टीवर तिघांचं पहिल्या दिवसापासून एकमत होतं. त्या घरात तिघांचं एकमत होणं म्हणजे अमावास्येला चंद्र दिसण्यासारखं, म्हणून ते लक्षात राहिलं. दाराला आतून कडी लावायची नाही.

आणि आईनं नेमकं तेवढंच मागितलं होतं. “तुम्हाला काळं करायचं ते काळं करा, पांढरं करायचं ते पांढरं करा. मला दाराला आतून कडी पाहिजे.” एवढं बोलून ती काज करायला बसली होती. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षीही दुकानातल्या शर्टांचे काज तीच हातानं करायची.

साडेदहाला दार आलं.

मिस्त्रीनं ते एकट्यानं उचलून आत नेलं. हा मिस्त्री दिवसाला मोजून दहा शब्द बोलायचा आणि त्यातले सहा चहाविषयी असायचे. त्यानं दार जुन्या चौकटीत उभं केलं, एका बाजूला सरकवलं, दुसऱ्या बाजूला सरकवलं, आणि मागे होऊन डोकं खाजवलं.

“दोन इंच कमी आहे.”

“काय?” दादानं आतल्या खोलीतून विचारलं.

“दार.”

सगळे जमले. पाच बाय सातच्या तोंडाशी पाच माणसं उभी राहिली आणि प्रत्येकानं आळीपाळीनं त्या फटीत बोटं घालून पाहिली, जणू दुसऱ्याच्या बोटांवर विश्वास नव्हता.

“कारखान्यानं माती खाल्ली,” दादा म्हणाला आणि फोन लावला. पलीकडच्या माणसानं शांतपणे मागणीचा कागद वाचून दाखवला. रुंदी सव्वीस इंच. खाली सही दादाचीच. दादानं फोन ठेवला आणि वहिनीकडे वळला.

“माप तू घेतलं होतंस.”

“मी अठ्ठावीस लिहून दिलं होतं.”

“हो. अठ्ठावीस. म्हणून मी दोन वजा केले.”

“का केलेत?”

“का म्हणजे? घरच्या टेपनं मोजलं होतंस ना?”

“घरच्याच टेपनं मोजलं. टेपवर तीस आलं. दोन वजा करून अठ्ठावीस लिहिलं.”

सगळ्यांनी खिळ्यावरच्या टेपकडे पाहिलं.

नानांची टेप दाराच्या खिळ्याला टांगलेली असायची. तिचे पहिले दोन इंच झिजून तुटले त्याला तीस वर्षं झाली. दुकानात नव्या टेपा आल्या, पण घरात मोजायचं ते याच टेपनं, आणि जे येईल त्यातून दोन वजा करायचे. या घरातली मुलं पाढ्यांच्या आधी हे शिकली. सून आली तिलाही आठवडाभरात शिकवलं. पण एकानं वजा केल्यावर दुसऱ्यानं करायचे नसतात, हे सांगून ठेवायची वेळ कधी आली नव्हती.

“बरं झालं कागद माझ्याकडे आला नाही,” धाकटा म्हणाला. “मीही दोन वजा केले असते. मग दाराऐवजी फळीच आली असती.”

“तू गप्प बस,” दादा आणि ताई एकदम म्हणाले.

पुढची दहा मिनिटं जे झालं ते सविस्तर सांगण्यात अर्थ नाही. टेप जपून ठेवल्याबद्दल नानांचा उद्धार झाला, कागदावर नीट न लिहिल्याबद्दल वहिनीचा, न विचारल्याबद्दल दादाचा. ताई म्हणाली की तिच्या हॉटेलात असं कधी होत नाही. वहिनी म्हणाली, मग हॉटेलातच राहायचं. मिस्त्री दाराला टेकून उभा राहिला आणि त्यानं चहाचं विचारलं.

मग दादाचा चेहरा हळूहळू सैल पडला. वहिनीनं ते पाहिलं. बावीस वर्षं या माणसाचा चेहरा बघत आली होती ती; तो कधी सुटकेचा श्वास टाकतो हे तिला कळायचं.

“असू दे,” तो म्हणाला. “परत पाठवलं तर आणखी पंधरा दिवस जातील. तेवढ्या फटीनं हवा खेळेल. आणि कडीचा प्रश्नही मिटला. दांडा चौकटीपर्यंत पोचणारच नाही.”

“आतून पडदा लावू,” ताई म्हणाली. “छान राखाडी मिळतात.”

“नकोच कडी,” धाकटा म्हणाला. “देवानंच ठरवलं.”

वहिनीच्या डोक्यात तिडीक गेली.

दोन महिने रोज सकाळी तिनंच आईला आंघोळ घातली होती. दार अर्धं उघडं, बाहेर दादाच्या येरझारा, आणि दर दोन मिनिटांनी त्याची हाक, “आई, ठीक आहे ना?” आई भिंतीकडे तोंड करून बसायची आणि अंगावरचा साबण पुरता जाण्याआधीच म्हणायची, “झालं, पुरे.” ज्या बाईनं आयुष्यभर कोणाकडून पाण्याचा पेला मागून घेतला नाही, ती आता सुनेच्या हातात पाठ देऊन डोळे मिटून घ्यायची. वहिनीला एक फार जुनी गोष्ट आठवायची. ती या घरात नवी असताना तिला रडायचं झालं की एकच जागा होती, तीच, कडी लावून आणि नळ सोडून. बाहेर हे तिघं रांगेत. आणि सासूबाई दाराशी उभ्या राहून सांगायच्या, “ती आत आहे. थांबा.” कधी हाक मारली नाही. बाहेर आल्यावर कधी काही विचारलंही नाही.

“फट राहणार नाही,” वहिनी म्हणाली. “पडदाही लागणार नाही. आईंना कडी पाहिजे, कडी लागेल.”

दादानं तिच्याकडे असं पाहिलं, जणू त्याच्याच दुकानातली कात्री त्याच्यावर चालून आली होती. “तू तिच्या बाजूनं कधीपासून?”

“आजपासून. साडेदहापासून.”

“वहिनी, ती परत पडली तर?” ताई म्हणाली.

“तुम्ही परवा जाल. मी इथे आहे.”

“म्हणून तुझंच चालणार?” दादाचा आवाज चढला. “कडी लावायची आणि ती आत पडली की आम्ही बाहेर उभं राहायचं? मी उभा राहिलोय. सतरा मिनिटं. तुला माहीत नाही, तू दवाखान्यात होतीस. नळ चालू होता. मला वाटलं ती हळूहळू करतेय. मला दुकान उघडायचं होतं. मी दारावर थाप मारली आणि काय ओरडलो माहितीय? आई, किती वेळ लावतेस गं, गिऱ्हाईक खोळंबलंय. दहा मिनिटं मी तिला रागावत होतो. ती आत फरशीवर पडलेली, आणि मी तिला रागावत होतो.”

हे त्यानं दोन महिन्यांत कोणाला सांगितलं नव्हतं. धाकट्याला दार फोडल्याचं तेवढं माहीत होतं, कारण लाथ त्यानंच मारली होती. ताईनं हातातले नमुने खाली ठेवले.

“ऐकू येत होतं मला,” आई म्हणाली.

ती केव्हा येऊन मागे उभी राहिली होती ते कोणी पाहिलं नव्हतं. एका हातात काठी, दुसऱ्या हातात अर्धा काज झालेला शर्ट, सुई तशीच लटकत.

“तू ओरडलास ते ऐकू येत होतं. मला ओ देता येत नव्हती, एवढंच. मला वाटत होतं, गिऱ्हाईक गेलं तर हा उगीच दिवसभर चिडून राहील.”

दादानं तिच्या काठीखालचा खडा पायानं बाजूला सारला.

“पडल्याचं मला काही वाटलं नाही रे,” ती म्हणाली. “माणूस पडतं. पण दार फुटलं आणि तू आत आलास, हा आला, आणि मास्तरीणबाईंचा जावई आला. तिघं. मी तशी. टॉवेल खुंटीवर होता आणि माझा हात पोचत नव्हता. मी डोळे मिटून पडले होते ते दुखतंय म्हणून नाही. जिन्यात तो जावई भेटतो तर तो भिंतीकडे बघतो आणि मीही भिंतीकडे बघते.” तिनं सुई शर्टात खोचली. “मला परत एकदा दार लावून बघायचंय. म्हातारी झाले म्हणून काय रोज उघड्यावर बसू?”

तिला आणखीही बोलायचं होतं. मुलं वाईट नाहीत, हे तिला कळत होतं. त्यांनी तिच्यासाठीच घर खोदून ठेवलं होतं, उसाभर त्यांचीच चालली होती. पण प्रेमापोटी माणसाचं ऐकायचंच सोडून देतात त्याला काय म्हणावं, हे तिला सुचलं नाही, आणि उभं राहून पाय दुखायला लागला होता. ती कमोडच्या खोक्यावर बसली आणि दाराकडे बघत राहिली. दुकानात मापाला चुकलेल्या ब्लाऊजकडे बघायची तशीच.

“कापड दोन इंच कमी पडलं तर काय करतोस दुकानात?” तिनं विचारलं.

“जोड देतो,” दादा पुटपुटला.

“आणि पुढे उसवावं लागेल असं वाटलं तर?”

“कच्चा टाका घालतो.”

“मग तेच कर की.” ती मिस्त्रीकडे वळली. “बाबा, चौकटीला दोन इंचाची लाकडी पट्टी लावता येईल? कडीचा दांडा त्या पट्टीत जाईल अशी. पण पट्टी पक्की ठोकायची नाही. बाहेरून उसवता आली पाहिजे.”

मिस्त्री पुढे झाला. अकरा दिवसांत पहिल्यांदाच त्याच्या तोंडावर उत्साह दिसला. “दोन स्क्रू. बाहेरून. दार बाहेरच उघडतंय. स्क्रू काढले की पट्टीसकट दार हातात. अर्धा मिनिट.” एका दमात त्यानं दिवसाचा कोटा संपवला होता.

“अर्धा मिनिट?” दादानं विचारलं.

“पावच.”

“स्क्रूड्रायव्हर माझ्याकडे ठेवतो,” दादा म्हणाला.

“अजिबात नाही,” आई म्हणाली. “तू दुसऱ्या मिनिटाला उसवशील. हिच्याकडे राहील. आणि मी आत असताना बाहेरून हाका मारायच्या नाहीत. ठीक आहे ना, ठीक आहे ना. मी ठीक नसले तरी ते मला आधी ठरवू दे.”

धाकटा हसला. मग ताई हसली, आणि हसता हसता डोळे पुसायला आत निघून गेली. नंतर माळ्यावर शिडी लागल्याचा आवाज आला. बादली घेऊन ती खाली उतरली तेव्हा तिच्या केसांत जळमटं होती आणि ती कोणाकडेही बघत नव्हती.

“एका कोपऱ्यात राहील,” ती म्हणाली. “पण काच होणार.”

काच झाली. फरशा राखाडीच बसल्या, दांडे लागले, ओटा झाला, उतार जाळीकडे गेला. मशीन झालं नाही, त्याबद्दल धाकटा अजून बोलतो. मास्तरीणबाईंना वहिनीनं नवा टॉवेल नेऊन दिला तेव्हा त्यांनी पहिल्या दिवसासारखं हसून विचारलं, “इतक्यात झालंसुद्धा?” नानांची टेप कोणी टाकली नाही. वहिनीनं फक्त तिच्या तुटक्या टोकाला चिठ्ठी शिवली: वजा केलेत का, ते आधी विचारा.

ताई गेल्यानंतर तिसऱ्या दिवशी सकाळी साडेआठला आई आत गेली. टॉवेल तिनं या वेळी ओट्यावर, हाताशी ठेवला. दार लागलं. कडीचा दांडा पट्टीत सरकल्याचा आवाज आला, नव्या लाकडात जरा अडकून, मग पुरता.

दादानं दुकान उघडलं नव्हतं. तो पँटला खडूनं खुणा करण्याचं काम घरी घेऊन बसला होता आणि एकाच खुणेवरून तिसऱ्यांदा खडू फिरवत होता. वहिनी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. स्क्रूड्रायव्हर तिच्या मुठीत होता. दोघं एकमेकांकडे बघत नव्हते.

पाणी सुरू झालं. पाणी बंद झालं.

दादा उठला. वहिनीनं नुसतं त्याच्याकडे पाहिलं, तो बसला. तेवढ्यात फोन वाजला. ताई होती.

“लागली कडी?”

“लागली.”

“आणि तू कुठे आहेस?”

“बाहेर.”

“हाक मारलीस?”

“नाही.”

“किती वेळ झाला?”

“नऊ मिनिटं.” त्यानं घड्याळाकडे न बघताच सांगितलं.

आतून काहीच ऐकू येत नव्हतं. दादा पुन्हा उठला आणि फोन कानाला तसाच धरून दाराजवळ गेला. त्याचा दुसरा हात पट्टीच्या वरच्या स्क्रूवर होता, नुसतं बोट. वहिनी त्याच्या मागे येऊन उभी राहिली. हाक त्याच्या गळ्यापर्यंत आली होती, त्यानं ती दाताखाली धरली.

आत स्टीलच्या बादलीच्या काठावर मग वाजला. एकदा.

“कसला आवाज?” ताईनं विचारलं.

“तिनं मग वाजवला. बादलीवर.”

असं काही ठरलेलं नव्हतं. आईनं कबूल केलं नव्हतं, कोणी मागितलंही नव्हतं. थोड्या वेळानं पाणी पुन्हा सुरू झालं, बंद झालं, आणि मग पुन्हा एकदा वाजला.

 ताई हॉटेलातल्या पोरींना दरडावते त्या आवाजात म्हणाली, “ती बादली तिथून कोणी हलवायची नाही.”

दादानं फोन ठेवला आणि स्क्रूवरचं बोट काढलं. “मी दुकानात जातो,” तो म्हणाला. गेला मात्र नाही. दाराला पाठ लावून खाली फरशीवर बसला, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून, आणि आई कडी काढेपर्यंत तिथेच बसून राहिला.